फैजपूर अधिवेशन आणि निकेल ऑक्साइडचं कोडं

आपल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं डिसेंबर १९३६ मध्ये. पुढच्याच वर्षी हॉलंडच्या द बूर आणि फेरवे यांनी एक कोडं मांडलं: गणितानुसार निकेल ऑक्साइडमधून वीज वाहायला हवी, पण ते चक्क विद्युतरोधक! इलेक्ट्रॉन एकमेकांना अडवतात, असं मॉट यांनी सुचवलं. पण मोजायचं कसं?

प्रकाश टाकायचा, बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजायची. गोची अशी, की विद्युतरोधकावर धनप्रभार साचतो आणि आकडेच सरकतात. अखेर १९८४ मध्ये सॉवात्स्की-ॲलन यांनी भरलेल्या पातळ्या अशा मोजल्या, रिकाम्या पातळ्या उलट प्रयोगाने. मधली दरी निघाली ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

आज हे तंत्र खानदेशाच्या शेजारी, इंदूरच्या इंडस-१ सिंक्रोट्रॉनवर आहे. मॉडेल चुकतं, तेव्हा मोजमापच वाट दाखवतं!