विमानतळांमधील हवाई अंतर

दोन विमानतळांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले त्यांच्यातील सर्वांत कमी अंतर होय. हे अंतर बृहद्वृत्ताच्या कंसावरून मोजतात. ज्या वर्तुळाचे प्रतल पृथ्वीच्या केंद्रातून जाते, त्यास बृहद्वृत्त म्हणतात. विमान वाहतुकीत अंतर सागरी मैलात व्यक्त केले जाते. १ सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर.

गणनपद्धती

पृथ्वी गोलाकार मानल्यास दोन्ही स्थळांचे अक्षांश व रेखांश पुरेसे ठरतात. दोन अक्षांशांच्या ज्यांचा गुणाकार करावा. त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोज्या आणि रेखांशांतील फरकाची कोज्या यांचा गुणाकार मिळवावा. ही बेरीज म्हणजे केंद्रीय कोनाची कोज्या होय. या कोनाच्या दर अंशास सुमारे १११.२ कि.मी. अंतर येते. जवळच्या स्थळांसाठी हॅव्हरसाइन सूत्र अधिक सोयीचे असते. पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी असल्याने गोलाच्या गणितात सुमारे अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक संभवते. अधिक अचूकतेसाठी १९७५ साली प्रसिद्ध झालेली व्हिन्सेंटी यांची सूत्रे वापरतात.

उदाहरण

मुंबई विमानतळ १९°०५′ उत्तर, ७२°५२′ पूर्व येथे, तर लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१°२८′ उत्तर, ०°२८′ पश्चिम येथे आहे. रेखांशांतील फरक ७३°२०′ असून केंद्रीय कोन सुमारे ६४.९° येतो. त्यानुसार अंतर सुमारे ७,२१० कि.मी. किंवा ३,८९० सागरी मैल भरते.

प्रवासाचा कालावधी

ताशी ९०० कि.मी. वेगाने हे अंतर सुमारे ८ तासांत कापले जाईल. प्रत्यक्षात विमानाचा जमिनीसापेक्ष वेग वाऱ्यावर अवलंबून असतो. मध्य अक्षांशांत उंचावरील जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. सरासरी ८० कि.मी. वेगाचा वारा समोरून असल्यास सुमारे ८ तास ४८ मिनिटे, तर पाठीमागून असल्यास ७ तास २१ मिनिटे लागतील. वेळापत्रकातील कालावधीत धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण व उतरण यांचाही समावेश असतो.

वेळापत्रकातील वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात लंडन भारताच्या साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. म्हणून हिवाळ्यात मुंबईहून दुपारी १ वाजता निघून लंडनला सायंकाळी साडेपाचला पोहोचणाऱ्या विमानाचा प्रवास साडेचार नव्हे, तर १० तासांचा असतो.

प्रत्यक्ष मार्ग

सर्वांत कमी अंतराचा मार्ग नेहमीच उपलब्ध किंवा सर्वांत जलद नसतो. मुंबई–लंडन बृहद्वृत्त पाकिस्तान, इराण, कॉकेशस व क्रिमिया यांवरून जाते. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे हवाई क्षेत्र नागरी विमानांसाठी बंद असल्याने वळसा घ्यावा लागतो. वळशामुळे इंधन अधिक लागते व त्यानुसार मालवाहतुकीची क्षमता घटू शकते. याउलट, एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेण्यास सुरुवात केली. अंतर वाढूनही पाठीमागच्या वाऱ्यामुळे वेळ वाचला.

कायदेशीर महत्त्व

युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीनुसार उड्डाण रद्द झाल्यास किंवा प्रवाशाला विमानात प्रवेश नाकारल्यास मिळणारी २५०, ४०० किंवा ६०० युरोंची भरपाई अंतरावर ठरते. त्यासाठी १,५०० व ३,५०० कि.मी. या मर्यादा असून अंतर बृहद्वृत्तानेच मोजले जाते. जोडउड्डाणांच्या बाबतीत आरंभस्थान व अंतिम ठिकाण यांमधील थेट अंतर ग्राह्य धरावे, असा निर्णय संघाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये दिला.