पटरला टांगलेले चेंडू

या स्मरणिकेत सोसायटीच्या जन्माची कथा, बिल्डरशी झालेली भांडणं, पाण्याच्या टाकीचं रामायण हे सगळं इतरांनी लिहिलेलं आहेच. म्हणून मी जरा लांबची गोष्ट सांगतो. गोल्फची. मी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही आणि आता सत्तरी उलटल्यावर धरणारही नाही. पण ही गोष्ट गोल्फपेक्षा आपल्या दिवेआगरच्या सहलीची जास्त आहे.

जुन्या सभासदांना आठवत असेल, २००४ च्या जानेवारीत आपण पहिल्यांदा दिवेआगरला गेलो. भरलेली बस, सुरूच्या बनात चादरी आणि वाळूत एक टप्पा आउटचं क्रिकेट. गेल्या जानेवारीत एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आम्ही सगळे मावलो आणि वर दोन सीट रिकाम्या राहिल्या. काही जण देवाघरी गेले, काही मुलांकडे परदेशी, बाकीच्यांचे गुडघे. मे महिन्यात गच्चीवर बोलणं निघालं, की आता ही सहल बंद करू या, रौप्यमहोत्सव हेच चांगलं निमित्त आहे. मला ते पटलं नाही. का पटलं नाही, ते सांगण्यासाठी इंग्लंडला जावं लागेल.

माझी मुलगी केंटमध्ये राहते. तिच्याकडे एकदा जानेवारीत गेलो असताना शेजारच्या परगण्यातलं राय नावाचं गाव पाहायला गेलो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे जुनं बंदर. आता बंदर म्हणायचं, पण समुद्र गावाला सोडून सुमारे तीन किलोमीटर मागे गेलाय. खाडी गाळाने भरली आणि व्यापार आटला. आपल्या सोपाऱ्याची आठवण झाली. समुद्र मागे गेला की मधे उरते वाळूची, टेकाडाटेकाडांची, खरखरीत गवताची जमीन. तिथे धड शेती होत नाही. मेंढ्या चरतात, ससे बिळं करतात. अशा पट्ट्याला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात आणि गोल्फ हा खेळ स्कॉटलंडमध्ये अशाच जमिनीवर वाढला. पाऊस पडला तरी वाळू पाणी पिऊन टाकते, त्यामुळे इतरत्र चिखल असतो तेव्हा, ऐन जानेवारीतही, इथे खेळता येतं. रायचा क्लब १८९४ चा. (आपल्याकडे हा खेळ त्याच्याही बऱ्याच आधी आला होता. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. तेव्हा ‘गोऱ्यांचं नवं फॅड’ म्हणून नाक मुरडू नये.)

रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलं, तर बोचऱ्या वाऱ्यात कानटोप्या घातलेली माणसं खेळत होती. त्यांत तरुण होते तसे माझ्या वयाचे आजोबाही. जावयाने सांगितलं, हे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे माजी खेळाडू आहेत, दर जानेवारीला इथे जमतात. किती वर्षं? १९२० पासून!

घरी येऊन मी मिळेल ते वाचून काढलं. या मंडळींची सोसायटी (हो, त्यांचीही सोसायटीच, पण मेन्टेनन्स नसलेली) १८९८ ची. कॉलेज सुटलं तरी मैत्री सुटू नये, एवढाच हेतू. जॉन लो हे त्यांचे पहिले कॅप्टन. मग पहिलं महायुद्ध आलं. या दोन विद्यापीठांची हजारो मुलं त्यात कामी आली. युद्ध संपून पुरते चौदा महिनेही झाले नव्हते, तेव्हा उरलेले लोक रायला जमले. लो तेव्हा अध्यक्ष होते. त्यांनी बक्षीस म्हणून चांदीचा चषक न देता एक जुना पटर दिला. होलच्या जवळ आल्यावर चेंडू हलकेच ढकलायची जी काठी असते, ती म्हणजे पटर. हा पटर ह्यू कर्कल्डी या स्कॉटिश व्यावसायिक खेळाडूचा. १८९१ ची ओपन स्पर्धा जिंकलेला हा माणूस पुढे काही वर्षांतच, तिशीही न गाठता गेला. म्हणजे मुळात ते बक्षीसच एका गेलेल्या माणसाची वस्तू.

रीत अशी, की पटर कोणी घरी न्यायचा नाही. जिंकणाऱ्याने आपला चेंडू द्यायचा आणि तो पटरला टांगायचा. बस्स. पैसे नाहीत. दोघांनी समोरासमोर खेळायचं, हरला तो बाद, आणि दिवसाला दोन-दोन सामने.

पहिले चारही चेंडू एकाच माणसाचे आहेत, अर्नेस्ट होल्डरनेस यांचे. सरकारी नोकरी सांभाळून खेळणारा माणूस (आम्हा बँकवाल्यांना याचं विशेष कौतुक). त्यांचे वडील हिंदुस्थानात आयसीएस अधिकारी होते आणि पुढे लंडनच्या इंडिया ऑफिसात सर्वोच्च सनदी पदावर पोचले. पाचवा चेंडू १९२४ चा, बर्नार्ड डार्विन यांचा. होय, त्याच चार्ल्स डार्विन यांचे नातू. जन्मानंतर लगेच आई गेली म्हणून आजोबांच्या घरी वाढले, वकील झाले, वकिली सोडली आणि ‘टाइम्स’मध्ये जवळजवळ आयुष्यभर गोल्फवर लिहीत राहिले. १९२२ साली अमेरिकेत बातमीदार म्हणून गेले असताना ब्रिटिश संघाचा कप्तान आजारी पडला, तर हे लेखणी ठेवून मैदानात उतरले आणि आपला एकेरीचा सामना जिंकले! पटर जिंकला तेव्हा वय ४७.

सहावा चेंडू १९२५ चा. तो हॅरोल्ड गिलिज यांचा आणि मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो हाच. गिलिज शल्यविशारद होते. महायुद्धात गोळ्यांनी आणि बॉम्बच्या तुकड्यांनी चेहरा उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांना नवे चेहरे देण्याचं काम त्यांनी केलं. १९१६ ला सोमच्या लढाईनंतर दोनशे जखमी येतील म्हणून तयारी केली, तर सुमारे दोन हजार आले. आजच्या प्लास्टिक सर्जरीचा पाया तिथे घातला गेला. या विद्येचा एक धागा आपल्या पुण्यात येतो. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा एक गाडीवान पकडला गेला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्यात एका देशी वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ती हकिगत चित्रासह छापली, आणि ती वाचूनच तिकडचे डॉक्टर या वाटेला लागले. सुश्रुताचं नाव आपण भाषणात घेतो, पण पुण्याच्या त्या वैद्याचं नावसुद्धा आपण जपून ठेवलं नाही. असो, विषय भरकटला.

तर १९२५ साली असे चेहरे सांधणारा डॉक्टर समुद्राकाठी मित्रांबरोबर चार दिवस चेंडू मारत होता. त्या चार दिवसांची किंमत त्याला किती वाटत असेल, याचा मी बरेचदा विचार करतो.

पुढच्याच वर्षी, १९२६ ला, अंतिम सामन्यात वेदर्ड आणि स्टोरी बरोबरीत राहिले. १८ होल झाले, आणखी खेळले, तरी निकाल लागेना. अंधार पडला. शेवटी दोघांचेही चेंडू टांगले. आपल्याकडे असता तर आधी उपसमिती नेमली गेली असती.

दुसऱ्या महायुद्धात खंड पडला, नंतर पुन्हा सुरू. १९७९ ला एवढा बर्फ पडला की स्पर्धाच रद्द झाली. २०२१ ला कोरोना. पण पुढच्या जानेवारीत मंडळी पुन्हा हजर. पहिला पटर चेंडूंनी भरला, तेव्हा दुसरा काढला.

गच्चीवरच्या बैठकीत एकजण म्हणाले, जुनी माणसंच राहिली नाहीत तर जायचं कशाला? १९२० साली रायला जमलेल्यांपैकी आज कोणीही हयात नाही. त्यातले बहुतेक १९७९ लाही नव्हते. दुसरे म्हणाले, जानेवारीऐवजी सोयीची तारीख बघू. सोयीची तारीख आपल्या २१२ सभासदांना एजीएमसाठीही कधी सापडलेली नाही. त्यांनी जानेवारी धरला आणि तो थंडी-पावसातही सोडला नाही, म्हणून कोणाला कळवावंच लागत नाही.

आपल्या सहलीचे ग्रुप फोटो सोसायटीच्या ऑफिसात कपाटावरच्या पेटीत आहेत. २०२१ चा नाही, बाकी सगळे आहेत. पहिल्या फोटोतली नातवंडं आता तिशीकडे आली आहेत, त्यांनाही या खेपेला विचारलेलं आहे. दोघं हो म्हणालीत, एकाने ‘बघतो’ म्हटलंय.

येत्या जानेवारीतही नेहमीप्रमाणे दुसरा शुक्रवार. टेम्पो भरला नाही तर एसटीने जाऊ. नावं ऑफिसातल्या वहीत ३१ डिसेंबरपर्यंत लिहावीत. बॅट माझ्याकडे आहे, टेनिसचे बॉल मात्र कोणीतरी आणा. गेल्या वर्षीचे दोन्ही भरतीत गेले.