पाण्यावरची आगगाडी

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी निघाली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्याच वर्षी दूर कॅनडात, ऑन्टारिओ सरोवराच्या काठी, कोबर्ग नावाच्या एका लहान बंदरानेही रेल्वेसाठी पहिली कुदळ मारली. वस्ती पाच हजारांच्या आतबाहेर, पण हौस दांडगी. आतल्या पीटरबरो भागातलं लाकूड आणि धान्य आपल्या धक्क्यावर यावं, तिथून जहाजाने अमेरिकेला जावं, असा गावाचा हिशोब. शेजारच्या पोर्ट होप बंदराचाही डोळा त्याच मालावर. मग घाई होणारच!

वाटेत आडवं आलं राइस लेक. या तळ्यात रानटी भात उगवायचा. तिथल्या मूळच्या मिसिसॉगा लोकांच्या बायका होडीत बसून लोंब्या झोडायच्या आणि दाणे होडीतच गोळा करायच्या. या तळ्याकाठी राहणाऱ्या कॅथरीन पार ट्रेल या लेखिकेने नव्याने येणाऱ्या बायकांसाठी 1854 साली संसाराचं एक मार्गदर्शक पुस्तक काढलं, त्यात हा भात कसा शिजवायचा तेही सांगितलंय.

तळ्याला वळसा घालायचा सोडून कोबर्गकरांनी सरळ पाण्यातूनच पूल टाकला. लाकडी खांब चिखलात ठोकून सुमारे चार किलोमीटर लांब! बांधकामावर आलेल्या जर्मन मजुरांपैकी काही जण कॉलऱ्याने दगावले. त्यांच्या घरी मागे राहिलेल्या बायकांचं काय झालं असेल, हा विचार मला सोडत नाही. 1854 च्या डिसेंबरात गाडी पीटरबरोला पोचली, आणि लगेच पुढच्या महिन्यात बर्फाने पुलाला हिसका दिला.

हे कसं होतं? कडाक्याच्या थंडीत तळ्यावरचा बर्फ आकसतो, त्याला भेगा पडतात. भेगांत पाणी शिरून तेही गोठतं. मग जरा ऊब आली की अख्खा थर फुगतो आणि चहूकडे रेटतो. त्या रेट्यापुढे लाकडी खांब किती टिकणार? दर हिवाळ्यात मोडतोड, दर उन्हाळ्यात डागडुजी, आणि गावाच्या डोक्यावर कर्ज.

1860 च्या सप्टेंबरात इंग्लंडचे युवराज एडवर्ड आले. कोबर्गच्या भव्य व्हिक्टोरिया हॉलचं उद्घाटन त्यांनीच केलं. पण पुढे पीटरबरोला जाताना त्यांना पुलावरून न्यायची कुणाची छाती झाली नाही. गाडीतून उतरवून, बोटीने तळं ओलांडून त्यांना पलीकडे नेलं! त्यानंतर लवकरच पूल कायमचा बंद पडला. पोर्ट होपची रेल्वे तळ्याला वळसा घालून 1858 मध्येच पीटरबरोला पोचली होती, माल तिकडे गेला.

इथे गोष्ट संपली असती, तर मी लिहिलं नसतं. पुढे मार्मोरा भागातल्या ब्लेअरटनच्या खाणीतून लोखंडाचा दगड निघू लागला. तो आधी थोडा रेल्वेने, मग ट्रेंट नदीतून आणि राइस लेकवरून तराफ्यांनी हारवुडला, तिथून रुळावरून कोबर्गला आणि शेवटी जहाजाने अमेरिकेला जायचा. म्हणजे ज्या तळ्याने पूल मोडला, तेच आता वाट झालं.

त्याहून नवल 1907 चं. ‘ऑन्टारिओ नंबर 1’ नावाची बोट सुरू झाली, तिच्या पोटातच रूळ! रॉचेस्टरजवळच्या शार्लट बंदरात कोळशाचे भरलेले डबे थेट बोटीत ढकलायचे आणि कोबर्गला उतरवायचे. 1915 मध्ये दुसरी बोट आली. हिवाळ्यातही बर्फ फोडत त्या जायच्या, उन्हाळ्यात माणसंही न्यायच्या. ही सेवा 1950 पर्यंत चालली.

मला यातून एवढंच दिसतं, की त्या गावाची हिंमत खोटी नव्हती, पण पाण्याचा स्वभाव न विचारता घाई केली, तिथे पैसा आणि माणसं गेली. त्याच पाण्याशी जुळवून घेतलं, तेव्हा पोट भरलं. पुलाखालच्या भरावाचा बांध अजून राइस लेकच्या पाण्याखाली आहे, होडीवाले त्याला जपूनच जातात.