मिठाची मागणी आणि गोखल्यांचे आकडे

भाव वाढला तरी मिठाची मागणी हलत नाही, असं पाठ्यपुस्तक सांगतं. ब्रिटिश हिंदुस्थानापुरतं तरी मला ते पटत नाही. 1888 साली मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच झाला. श्रीमंताच्या ताटात काय फरक पडणार? पण गरिबाच्या गोठ्यातल्या गुरांनाही मीठ लागतं, आणि हात आखडायचा तो आधी तिथेच. 1902 च्या अर्थसंकल्पावर बोलताना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आकडे मांडले: करवाढीनंतर खप खुंटला. 1903 ला कर पुन्हा दोन रुपयांवर आला, 1907 ला एकावर. आणि खप? वाढला! तरीही 1923 मध्ये व्हाइसरॉय रीडिंग यांनी कायदेमंडळाचा विरोध डावलून कर थेट दुप्पट केला.