तराजू, फूटपट्टी आणि लेकरू

परवा नात शाळेतून आली ती दप्तर कोपऱ्यात टाकून सरळ आतल्या खोलीत गेली. डबा तसाच भरलेला. संध्याकाळी सूनबाई दप्तर आवरत होत्या, तेव्हा त्यातून एक छापील कागद निघाला. शाळेत आरोग्य तपासणी झाली होती. उंची १३८ सेंटिमीटर, वजन ४० किलो, बीएमआय २१ आणि पुढे लाल शाईत एकच शब्द : 'जादा'. तो कागद वर्गात सगळ्यांसमोर वाटला गेला होता आणि मैत्रिणींनी वाचलाही होता. पोर दहा वर्षांची आहे हो.

रात्री माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, मी जाडी आहे का?"

चौतीस वर्षं खडू हातात धरून मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, पण या प्रश्नापुढं मला काही सुचेना. 'नाही गं' म्हणावं तर कागद खोटा ठरतो, 'हो' म्हणावं तर डबा उद्याही भरलेलाच परत येणार. इतिहासाच्या मास्तराला एक खोड असते. कुठलाही आकडा समोर आला, की तो कुणी काढला, केव्हा काढला आणि कशासाठी काढला, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मुलाला संगणकावर बसवलं, दोन-चार दिवस वाचत राहिलो. जे हाती लागलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. मला वाटलं होतं, एखाद्या डॉक्टरानं रुग्ण तपासता तपासता हे सूत्र शोधलं असेल. तसं मुळीच नाही. त्याचा जनक अडॉल्फ केतले हा बेल्जियमचा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. जन्म १७९६ सालचा, गेंट शहरातला. ब्रुसेल्सची वेधशाळा उभी राहिली ती त्याच्या खटपटीमुळे. आकाशातल्या ताऱ्याचं स्थान मोजताना दर वेळी थोडी चूक होते, म्हणून खगोलशास्त्रज्ञ अनेक मोजमापं घेऊन त्यांची सरासरी काढतात. केतलेला वाटलं, हाच न्याय माणसाला का लावू नये? त्यानं जन्म, मृत्यू, विवाह, गुन्हे, उंची, वजन, सगळ्यांचे आकडे गोळा केले आणि १८३५ साली माणसाविषयीचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून उभा राहिला त्याचा 'सरासरी माणूस'. लठ्ठपणा हा त्याचा विषयच नव्हता. कोण आजारी, कोण निरोगी, हे त्याला ठरवायचं नव्हतं. समाजाचं चित्र काढायचं होतं, एकेका माणसाचं नव्हे.

आता गंमत पाहा. लाडू सगळ्या बाजूंनी सारखा मोठा केला, तर त्याचं वजन रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. दुप्पट रुंद लाडू आठपट जड. माणूस मात्र तसा वाढत नाही, हे केतलेच्या लक्षात आलं. मोठ्या माणसांत वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात जातं. आणि मुलांचं काय? तेही त्यानं त्याच ग्रंथात लिहून ठेवलं आहे. पहिल्या वर्षात बाळ लाडवासारखंच वाढतं, म्हणजे घनाच्या हिशेबानं. पुढे वयात येईपर्यंत ते वर्गाच्या जवळपास येतं आणि वयात येताना वजन पुन्हा झपाट्यानं वाढतं. म्हणजे वाढत्या वयाला एकच सूत्र सरसकट बसत नाही, ही गोष्ट सूत्राच्या जन्मदात्याला जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी ठाऊक होती!

पुढचा अंक अमेरिकेतला. कुणाचा विमा किती हप्त्यावर उतरवावा, कोण लवकर मरेल, हे विमा कंपन्यांना जाणून घ्यायचं होतं. मेट्रोपोलिटन लाइफ या कंपनीनं १९४२-४३ मध्ये उंची आणि शरीराची ठेवण पाहून 'योग्य' वजनाचे तक्ते काढले. ते तक्ते डॉक्टरांच्या भिंतीवर गेले आणि वजन हा आरोग्याचा दाखला बनला. हे तक्ते विमेदारांचे, अर्थात मोठ्या माणसांचे.

अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाला हे तक्ते पसंत नव्हते. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या ७,४०० हून अधिक पुरुषांची मोजमापं घेतली. त्वचेच्या चिमटीची जाडी मोजून चरबीचा अंदाज घेतला आणि वजन-उंचीची कोणती सूत्रं त्याच्याशी जुळतात ते तपासलं. केतलेचं जुनं सूत्र इतरांच्या तोडीचं निघालं, शिवाय सोपं. १९७२ साली त्यांनी त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. सगळे पुरुष, सगळे प्रौढ. त्यात एकही बाई नव्हती, एकही मूल नव्हतं.

मग हे सूत्र मुलांपर्यंत आलं कसं? सोय, दुसरं काय! वजनकाटा आणि फूटपट्टी कुठल्याही शाळेत मिळते. पण मुलांत एक अडचण आहे. मूल एक वर्षाचं असताना त्याचा बीएमआय साधारण १७ असतो, पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत तो उतरून १५ च्या आसपास येतो, मग पुन्हा चढत चढत अठराव्या वर्षी २१ च्या घरात जातो. बीएमआय १५ असलेल्या मोठ्या माणसाला तातडीनं डॉक्टरकडे न्यावं लागेल, पण सहा वर्षांच्या मुलाचा तोच आकडा अगदी ठीक. म्हणून मुलांचा आकडा नुसता वाचून भागत नाही, वय आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्त्यावर ठेवावा लागतो.

तक्त्याच्या रेघाही आकाशातून पडत नाहीत. २००० साली टिम कोल आणि सहकाऱ्यांनी ब्राझील, ब्रिटन, हाँगकाँग, नेदरलँड्स, सिंगापूर आणि अमेरिका अशा सहा ठिकाणचे आकडे एकत्र केले. मोठ्यांसाठी ठरलेल्या २५ आणि ३० या मर्यादा अठराव्या वर्षी जिथं लागतात, तिथून त्यांनी मुलांच्या रेघा मागं ओढल्या. आपला देश त्या सहांत नव्हता. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये पाच ते अठरा वयाच्या भारतीय मुलांचे तक्ते काढले, तेव्हा २५ आणि ३० ऐवजी २३ आणि २७ धरले. म्हणजे एकच मूल एका तक्त्यावर 'ठीक' आणि दुसऱ्यावर 'जादा' असू शकतं. मूल तेच असतं, रेघ तेवढी सरकते.

आपल्याकडे रेघ खाली का आणावी लागली? त्याचं उत्तर आपल्या पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना २००३ साली प्रसिद्ध झाली. आपल्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्याचं ३.५. आपलं बाळ सगळ्याच मापांत लहान, दंड आणि पोट तर फारच बारीक. पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, आतून चरबी राखून ठेवलेली.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे स्नेही डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचाच दाखला दिला. दोघांचाही बीएमआय २२.३. यंत्रात तपासलं, तर युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के!

हे वाचताना मला माझीच आठवण झाली. मी जन्माचा सडपातळ. उंची १६८, वजन ५९, म्हणजे बीएमआय २१. लोक म्हणत, "सर, तब्येत छान राखलीत." छप्पन्नाव्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीला गेलो आणि मधुमेह निघाला, तोही बराच जुना. नातीच्या कागदावर २१ आणि माझ्या कागदावरही २१. ती 'जादा', मी 'उत्तम'. आणि रोज गोळ्या कोण घेतो? मी.

आता कुणी म्हणेल, मास्तर, मग हा आकडा फेकूनच द्यायचा का? नाही. शास्त्रज्ञही तसं म्हणत नाहीत. मुलाचा बीएमआय वयाच्या मानानं फारच वर असेल, तर बहुतेक वेळा ती चरबीच असते आणि पुढे रक्तदाब, मधुमेह मागं लागू शकतात. तिथं डोळेझाक करणं हा लाड नव्हे, हेळसांड आहे. आकडा फसवतो तो मधल्या पट्ट्यात आणि खालच्या बाजूला. तिथं स्नायू, हाडं आणि वयात येण्याचा वेग यांचा हिशेब त्याला लागत नाही. २०२५ च्या जानेवारीत तज्ज्ञांच्या एका मोठ्या गटानं 'लॅन्सेट'च्याच भावंड नियतकालिकातून हेच सांगितलं, की एकट्या बीएमआयवरून कुणाला आजारी ठरवू नका. कमरेचा घेर पाहा, शरीराचं काम नीट चाललं आहे का ते पाहा. हा आकडा दारावरच्या घंटेसारखा आहे. घंटा वाजली की दार उघडून पाहावं, कोण आलंय ते घंटेला माहीत नसतं.

इथवर इतिहास झाला. आता एक कबुली.

१९८३-८४ ची गोष्ट असेल. तेव्हा बीएमआयचं नाव कुणी ऐकलं नव्हतं, पण प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचा रकाना होता. पावसाळ्यात कधीतरी शेजारच्या दुकानातून वजनकाटा आणायचा, मी मोठ्यानं आकडा सांगायचा आणि वर्गाच्या मॉनिटरनं लिहायचा. सातवीतली एक थोराड मुलगी काट्यावर चढली आणि मी म्हणालो, "जपून गं, दुकानदाराला काटा परत द्यायचाय." वर्ग खो खो हसला. मीही हसलो. ती खाली उतरली, जागेवर जाऊन बसली. पुढची दोन वर्षं वजनाच्या दिवशी ती गैरहजर. ती रोज दोन कळश्या पाणी घेऊन टेकडी चढत असे, हे मला फार उशिरा कळलं. त्याच वर्गात एक बारकेला मुलगा होता. त्याला मी सगळ्यांसमोर 'काटक' म्हणून शाबासकी द्यायचो. तो एकदा प्रार्थनेला उभा असतानाच कोसळला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. काटा दोघांचंही वजन बरोबर दाखवत होता, चुकलो मी. त्या मुलीची माफी मागायची राहून गेली, ती गेलीच.

अमेरिकेत अर्कान्सा राज्यानं २००३ साली कायदा करून शाळांतून मुलांचा बीएमआय पालकांना कळवायला सुरुवात केली. पुढे कॅलिफोर्नियात ७९ शाळांमध्ये याची रीतसर परीक्षा झाली, तिचा निष्कर्ष २०२० मध्ये आला. पालकांना कळवल्यामुळे मुलांच्या वजनात काही फरक पडला नाही. उलट शाळेत वजन झालेल्या मुलांमध्ये स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी वाढली. हे वाचलं आणि मला ती गैरहजेरी आठवली.

असो. दुसऱ्या दिवशी मी नातीला जवळ बसवलं. एक दोरा घेतला, तिच्या उंचीइतका कापला, मधोमध दुमडला आणि म्हटलं, हा कमरेभोवती लावून बघ. कमर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी, असा एक सोपा ठोकताळा आहे. दोऱ्याची टोकं जेमतेम भेटली. मी तिच्याशी खोटं बोललो नाही. म्हटलं, "तू आजारी नाहीस. पण शिकवणी लागल्यापासून तुझं खेळणं बंद झालंय, ते पुन्हा सुरू करू. आणि डबा संपवायचा. उपाशी राहून कुणी सुदृढ होत नाही." मग माझीही कमर मोजायला लावली. माझा दोरा अपुरा पडला! ती इतकी हसली, की विचारू नका. आता संध्याकाळी आम्ही दोघं खाली जातो. ती दोरीवरच्या उड्या मारते, मी मोजतो.

शाळेतही जाऊन आलो. भांडायला नव्हे. बाईंना एवढंच म्हटलं, की तपासणी जरूर करा, पण कागद बंद पाकिटात पालकांच्या हाती द्या आणि तो लाल शब्द काढून टाका. त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. बघू.

तुमच्याही घरी असा कागद आला असेल. आला असेल, तर आधी लेकराकडे बघा, मग कागदाकडे.