शीतलामातेचे गाव

दिल्लीच्या नैर्ऋत्येस असलेल्या गुडगावास २०१६ पासून गुरुग्राम म्हणतात. तेथील शीतलामातेच्या मंदिरात मुलांचे जावळ काढण्यास आजही दुरून आयाबाया येतात. मराठीत आपण देवी हा शब्द रोगासही लावला आणि टोचण्यासही. तो रोग देशातून गेल्याचे १९७७ मध्ये जाहीर झाले. नवस मात्र राहिले.

हा मुलूख १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेला. त्यानंतर शतकाहून अधिक काळाने, १९२० च्या दशकात, फ्रँक ब्रेन हा जिल्हाधिकारी येथे ग्रामसुधारणेसाठी झटला. घरास खिडकी पाडा, उकिरडा खड्ड्यात करा, लस टोचून घ्या, सुइणींना शिकवा, असा त्याचा धोशा असे. सल्ला खोटा नव्हता. परंतु शेतकऱ्याचे दारिद्र्य त्याच्या सवयींतून उपजते, असे त्याचे निदान होते. सारा, सावकार आणि पावसाचा लहरीपणा त्यात दुय्यम ठरले. मूल दगावले की दोष आईच्या अज्ञानाचा! ब्रेन बदलून गेल्यावर त्याचे काम ओसरले. ज्या सरकारास रयतेपुढे जाब द्यावा लागत नव्हता, त्याची कळकळ एका अधिकाऱ्यापुरतीच असावयाची.

त्रावणकोर संस्थानाने याच्या कितीतरी आधी, १८७९ मध्ये, सरकारी नोकर, विद्यार्थी आणि कैदी यांना लस सक्तीची केली होती. शाळा व दवाखाने तेथे पुढे लोकांच्या मागणीचे विषय झाले. २०२० मध्ये केरळात हजार जन्मांमागे सहा अर्भके दगावली, मध्य प्रदेशात त्रेचाळीस. उत्पन्नात अमेरिका केरळच्या कितीतरी पुढे. या आकड्यात मात्र दोघांत फारसे अंतर नाही. केवळ संपत्तीने हा हिशेब सुटत नाही, हे यावरून उघड होते.

गडचिरोलीतही पैसा नव्हता. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन निगा राखण्यास शिकविले, आणि १९९० च्या दशकात काही वर्षांतच तेथील नवजातमृत्यू निम्म्याहून खाली आले. ब्रेनने शिकविली तीही गावची सुईणच होती. फरक इतकाच, की येथे प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची नोंद ठेवणारे, ठरल्या दिवशी पुन्हा दारी येणारे माणूस होते.

गुडगावात १९८३ मध्ये मारुतीचा कारखाना सुरू झाला आणि पुढे काचेचे मनोरे उभे राहिले. त्याच जुन्या जिल्ह्यातला मेवात २००५ मध्ये वेगळा करण्यात आला. आज त्याचे नाव नूह. मागास जिल्ह्यांच्या विकासासाठी नीती आयोगाने २०१८ मध्ये जी पहिली क्रमवारी लावली, तीत तो सर्वांत तळाशी होता. गुरुग्रामपासून तो तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे.