नावेचे पुण्य कोणाचे? नाशिकच्या लेण्यातील सहा नद्या आणि आजची समुद्रसफर

#इतिहास #थ्रेड

१/ मालवणच्या धक्क्यावरून सकाळी निघणारी अर्ध्या दिवसाची सफर आता महाराष्ट्रातील तरुणांच्या परिचयाची झाली आहे. नावेतून सिंधुदुर्गापर्यंत जायचे, तोंडात नळी धरून स्नॉर्केलिंग करत खडकांभोवतीचे मासे पाहायचे, उथळ पाण्यात पॅडलबोर्डवर उभे राहून तोल सांभाळायचा आणि दुपारी जेवायला परत यायचे. नाव, बुडी आणि फळी या तिन्ही गोष्टी आज करमणुकीच्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या तिन्ही कोणाच्या तरी पोटापाण्याच्या होत्या.

२/ त्या काळातील नावांची एक विलक्षण नोंद पश्चिम किनाऱ्यावर नव्हे, तर समुद्र जिथून दिसतही नाही अशा नाशिकमध्ये आहे. शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर आहे. त्यात कोरलेल्या २४ लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. त्यांपैकी लेणे क्रमांक १० च्या व्हरांड्यात, मागच्या भिंतीवर अगदी छताखाली, ब्राह्मी लिपीतील एक लांबलचक लेख आहे.

३/ हा लेख उषवदाताचा, म्हणजे ऋषभदत्ताचा. तो दीनिकाचा पुत्र आणि क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील. लेखात त्याच्या दानांची यादी आहे: तीन लाख गाई, सोळा गावे, विहिरी, तलाव, बागा, आणि भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथील चौसोपी विश्रामगृहे. आजच्या नावांत सांगायचे तर भरूच, मंदसौर, नाशिकचा परिसर आणि सोपारा.

४/ या यादीतच इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांची नावे येतात. या नद्यांवर उषवदाताने ‘पुण्यतर’ सुरू केली, म्हणजे धर्मार्थ नाव ठेवली. प्रवाशाने नावेत बसावे, पैलतीरी उतरावे आणि काही देऊ नये. लेखातील ‘तर’ हा शब्द मराठीत अजून जिवंत आहे. खाडी ओलांडून नेणाऱ्या नावेला ‘तर’ म्हणतात.

५/ नद्यांची नावे नकाशावर ठेवून पाहावीत. दमण म्हणजे दमणगंगा, पारादा म्हणजे पार, दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. तापीला ओळखीची गरज नाही. गंमत अशी की दमणगंगा आणि पार या दोन्ही नद्या आजच्या नाशिक जिल्ह्यातच सह्याद्रीत उगम पावतात आणि पश्चिमेला समुद्राकडे धावतात. नाशिक जिल्ह्यातलीच गिरणा पुढे तापीला मिळते. ज्या नद्यांच्या मुखांवरील नावा या लेण्यात नोंदल्या गेल्या, त्यांपैकी तिघींत नाशिकच्या डोंगरांवर पडलेला पाऊस होता.

६/ पण नावांची गरज एवढी का भासावी? भरूचहून सोपाऱ्याकडे किनाऱ्याकिनाऱ्याने येणारी वाट या सगळ्या नद्यांना त्यांच्या मुखाजवळ छेदते. तिथे पात्र रुंद असते आणि पाणी दिवसातून दोनदा चढते-उतरते. खंबातच्या आखातातील भरती-ओहोटी तर भारतातील सर्वांत मोठ्यांपैकी एक. ओहोटीला चिखल, भरतीला उलटा वाहणारा प्रवाह. पाठीवर ओझे घेतलेल्या माणसाला इथे नावाड्यावाचून गती नव्हती.

७/ आणि नावाड्याला पैसे द्यावे लागत. कौटिलीय अर्थशास्त्रात ‘नावध्यक्ष’ या अधिकाऱ्यावर एक संपूर्ण प्रकरण आहे. त्यात उताराचे दर दिले आहेत: लहान जनावर किंवा ओझे घेतलेला माणूस यांना एक माष, गाय-घोड्याला दोन, उंट-म्हशीला चार. मोठ्या नद्यांवर दर दुप्पट. ब्राह्मण, संन्यासी, मुले, वृद्ध, आजारी, राजाज्ञा नेणारे दूत आणि गर्भवती स्त्रिया यांना मात्र अधिकाऱ्याच्या मुद्रेवर सूट.

८/ या सवलतीच्या यादीत कोण नाही, तेही पाहावे. डोक्यावर भारा घेतलेला धडधाकट मजूर त्यात नाही. बाजाराला निघालेली विक्रेती नाही. एखाददुसरे जनावर हाकणारा शेतकरी नाही. अर्थशास्त्र हा आदर्श व्यवहाराचा ग्रंथ आहे. प्रत्येक घाटावर नेमके हेच दर होते असे त्यावरून म्हणता येत नाही. तरी उतारावर कर असणे ही रीत होती, आणि ती डोळ्यांपुढे ठेवली की ‘पुण्यतर’ या शब्दाचे वजन कळते.

९/ उषवदाताची योजना नावेपाशी थांबत नाही. त्याच नद्यांच्या दोन्ही काठांवर त्याने सभा आणि प्रपा, म्हणजे निवारे आणि पाणपोया, उभारल्याचे लेख सांगतो. नावेला वेळ लागतो आणि भरतीची वाट पाहावी लागते, हे आखणाऱ्याला ठाऊक होते. अलीकडे पाणी, मध्ये नाव, पलीकडे पुन्हा पाणी आणि मुक्कामाच्या गावी विश्रामगृह: एका संपूर्ण प्रवासाचा विचार या काही ओळींत दिसतो.

१०/ यामागे केवळ धर्मबुद्धी होती काय? याच काळाच्या सुमारास एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हे सागरी मार्गदर्शक लिहिले. त्यात भरूचच्या प्रदेशाचा राजा म्हणून ज्याचे नाव येते, तो बहुतेक अभ्यासकांच्या मते नहपानच. कल्याण बंदराकडे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरूचकडे वळवली जात, असेही त्यात म्हटले आहे. किनाऱ्यावरील व्यापार कोणाच्या हाती राहणार, याची ती झुंज होती. अशा वेळी भरूच-सोपारा वाटेवरील नावा म्हणजे पुण्यही होते आणि राज्याची बांधणीही.

११/ पेरिप्लसमध्ये भरूचच्या समुद्राचे वर्णन मुळातून वाचण्यासारखे आहे. नदीचे मुख सापडणे कठीण, भरतीचा लोंढा इतका जोरदार की नांगर उखडले जावेत. म्हणून राजाच्या सेवेतील स्थानिक मच्छीमार ‘त्रप्पग’ आणि ‘कोटिंब’ नावाच्या लांब नावा घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत. भरती लागली की जहाजे ओढत पुढे नेत, ओहोटी लागली की ठरलेल्या जागी थांबवत.

१२/ म्हणजे भूमध्य समुद्रापर्यंत जोडलेला तो सारा प्रसिद्ध व्यापार शेवटच्या काही मैलांत कोळ्यांच्या डोळ्यांवर आणि दंडांवर अवलंबून होता. पेरिप्लसकाराने त्यांच्या नावांचे प्रकार टिपून ठेवले. माणसांपैकी मात्र एकाचेही नाव टिपले नाही.

१३/ अर्थशास्त्रातही तेच. मोठ्या नावेवर कोण कोण असावे याची यादी त्यात आहे: शासक म्हणजे नावेचा प्रमुख, नियामक म्हणजे सुकाणू धरणारा, दोर आणि कोयता सांभाळणारे, आणि उत्सेचक म्हणजे आत शिरलेले पाणी उपसून बाहेर टाकणारा. पदे सगळी आहेत, माणूस एकही नाही. उषवदाताच्या लेखातही दाता आहे, त्याचे वडील आहेत, सासरा आहे, सहा नद्या आहेत. वल्हे कोणाच्या हाती होते ते नाही.

१४/ पाण्याखाली उतरणाऱ्यांची गत याहून वाईट होती. आज स्नॉर्केलिंगसाठी पैसे मोजले जातात; पेरिप्लस सांगतो की पांड्य देशातील कोल्ची, म्हणजे कोरकई, येथील मोत्यांच्या कामावर शिक्षा झालेले गुन्हेगार जुंपलेले असत. शंख आणि मोती काढणाऱ्यांनी राजाच्या नावेचे भाडे द्यावे किंवा स्वतःची नाव वापरावी, असा नियम अर्थशास्त्रात आहे. श्वासाच्या नळीची कल्पनाही जुनीच: ॲरिस्टॉटलने हत्तीच्या सोंडेला पाणबुड्यांच्या श्वास घेण्याच्या साधनाची उपमा दिली आहे.

१५/ फळीवर उभे राहून वल्हे मारण्याचे आजचे रूप हवाई बेटांच्या परंपरेतून जगभर पसरले. पण लाकडाच्या ओंडक्यावर तोल सांभाळत समुद्रात जाणे भारताला नवे नाही. पूर्व किनाऱ्यावरील मच्छीमारांची ‘कट्टुमरम’ म्हणजे तमिळमध्ये ‘बांधलेली लाकडे’. इंग्रजीतला ‘कॅटामरान’ हा शब्द तिच्यावरूनच आला. दक्षिणेकडील बंदरांत एकेका लाकडाच्या नावा जोडून केलेल्या ‘संगर’ नावाच्या मोठ्या नौका असल्याचे पेरिप्लसही सांगतो.

१६/ इकडे नहपानाचे राज्य फार टिकले नाही. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या नाण्यांचा १३ हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. त्याच डोंगरातील लेणे क्रमांक ३ मध्ये त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. गौतमीपुत्राचे घोडे तीन समुद्रांचे पाणी प्यायले, असा गौरव त्यात केला आहे.

१७/ एकाच डोंगरातील दोन लेण्यांत समुद्राची ही दोन रूपे. एकीकडे तो जिंकण्याची सीमा आहे, दुसरीकडे त्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या वाटसरूला पैलतीर गाठायचा आहे. दोन्ही लेख मात्र राजघराण्यांचे. सामान्य माणूस इथेही नाहीच, असे वाटते. तेवढ्यात लेणे क्रमांक ८ समोर येते.

१८/ हे लेणे लहान आहे. त्यातला लेखही अगदी छोटा: हे लेणे म्हणजे ‘दासक’ मुगुदास याने आपल्या परिवारासह दिलेले धर्मदान. ‘दासक’ या शब्दाचा अर्थ अभ्यासकांनी मच्छीमार असा लावला आहे. संस्कृतमधील ‘दाश’ म्हणजे मासे धरून आणि नाव चालवून जगणारा माणूस. महाभारतात यमुनेवर नाव चालवणाऱ्या सत्यवतीला वाढवणारा दाशराज याच समाजाचा. नावेत नावाड्यांच्या चुकीने नुकसान झाले तर ते त्यांनी मिळून भरून द्यावे, असे सांगताना मनुस्मृतीनेही ‘दाश’ हाच शब्द वापरला आहे.

१९/ शास्त्रग्रंथांनी ज्यांच्यासाठी नुकसानभरपाईचे कलम लिहिले, त्यांच्यापैकी एकाने त्रिरश्मी डोंगरात स्वतःच्या नावाने लेणे दिले. तिथल्याच दुसऱ्या लेखात मुगुदास बौद्धांच्या चैत्यिक पंथाचा उपासक असल्याचे कळते. बोधिगुप्ताचा पुत्र धर्मनंदी याने या लेण्यासाठी एक शेत दिले आणि त्याच्या उत्पन्नातून इथे राहणाऱ्या प्रव्रजिताला चीवर मिळावे अशी सोय केली, हेही तो लेख सांगतो. कोळ्याच्या दानाला दुसऱ्या उपासकाने जोड दिली.

२०/ मुगुदास उषवदाताच्या नावेवर होता, असे कोणताही लेख सांगत नाही. त्याची जाळी गोदावरीत पडत की आणखी कुठे, तेही नाही. पण एवढे निश्चित की नाव आणि जाळे हाताळणाऱ्या समाजातील माणूस इथे दान घेणारा किंवा राबणारा म्हणून येत नाही. तो दाता म्हणून येतो, राजाच्या जावयाच्याच डोंगरात आणि त्याच्याच लिपीत.

२१/ आता पुन्हा मालवण. कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झाले. ही जागा दाखवणाऱ्या कोळ्यांना छत्रपती शिवाजी महाराजांनी इनाम गावे दिली, असे परंपरा सांगते. १९८७ मध्ये याच परिसरात २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा मासेमारीवर निर्बंध येतील म्हणून स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला. पाण्याखालचे प्रवाळ वाचवायचे, तर पाण्यावर जगणाऱ्यांना विचारायचे की नाही, हा प्रश्न तेव्हाचा आहे आणि आजचाही.

२२/ आज त्याच किनाऱ्यावर मच्छीमार कुटुंबांतील अनेक जण पर्यटकांच्या नावा चालवतात आणि त्यांना पाण्यात उतरवतात. कोणत्या खडकाशी पाणी नितळ, वारा फिरला की कधी परतायचे, कोणत्या महिन्यात नाव धक्क्याला बांधून ठेवायची, हे ज्ञान जाळे टाकता टाकताच आलेले आहे. भरूचच्या मुखाशी परदेशी जहाजे आत घेणाऱ्यांकडे होते तेही याच जातीचे ज्ञान.

२३/ सफरीच्या छायाचित्रांत किल्ला येतो, मासे येतात, फळीवर उभा राहिलेला मित्र येतो. तांडेल बहुधा चौकटीबाहेर राहतो. इतिहासाची साधनेही अशीच घडतात: पैसे देणारा नोंदला जातो, वल्हे मारणारा नाही. म्हणून पांडवलेणी पाहायला जाणाऱ्यांनी लेणे क्रमांक ३ आणि १० चे भव्य दर्शनी भाग अवश्य पाहावेत; आणि क्रमांक ८ पाशी दोन मिनिटे अधिक थांबावे. तिथे एका कोळ्याने आपले नाव दगडात राखून ठेवले आहे.

(धागा समाप्त)